प्रकरण एकेरीवर

शनिवार, ४ तारीख

पोहोचलो. गाडीत पाच तास, चार माणसं आणि भांडण एकही नाही. मागच्या सीटवर दोन किशोरवयीन मुलं असताना हे नैसर्गिक नव्हे, एवढं मलाही कळतं. मी मागे वळून पाहिलं की दोघं एकदम हसायची, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखी.

सुरुवातीलाच परिस्थिती मांडून ठेवते. लग्नाला चार महिने झाले. माझं पहिलं, त्रेचाळिसाव्या वर्षी. इंजिनियरांचं दुसरं. नवऱ्याला मी इथे इंजिनियरच म्हणणार, कारण ओळख झाली तीच तशी. त्यांचं वॉशिंग मशीन बिघडलं होतं, कंपनीच्या तक्रार विभागात फोन मी उचलला आणि नोंद केली, 'ग्राहक इंजिनियर आहे, फार चिडलाय'. मशीन अजून दुरुस्त झालेलं नाही. लग्न झालं.

त्यांची पहिली बायको सहा वर्षांपूर्वी गेली. इंजिनियर पूल तपासत गावोगाव हिंडतात, म्हणून मुलं त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे वाढली. थोरली सोळा वर्षांची, धाकटा तेरा. आता आम्ही घर मांडलंय, वरची खोली मुलांसाठी रंगवून घेतलीय, दोन पलंग टाकलेत, एक खिडकीपाशी, एक भिंतीकडे. ही सुट्टी संपली की मुलांनी सांगायचं, आमच्याकडे राहायला येणार की आत्याकडेच राहणार. जबरदस्ती नाही, असं इंजिनियरांनी त्यांना माझ्यादेखत सांगितलं. मी समजूतदारपणे मान डोलावली. मनात म्हटलं, थोडी जबरदस्ती चालली असती हो.

तर ही दोन मुलं मला इथे जिंकायची आहेत. इथे म्हणजे कुठे? एक दगडी घर, मागे तळं, समोर टेकडी, शेजारी घरमालकीण आणि तिच्या शेळ्या. टीव्ही नाही. फोनला रेंज फक्त रस्त्याच्या वळणावरच्या बसथांब्यावर, तीही बाकावर उभं राहिलं तर. ही जागा मीच शोधली. 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलं होतं. निसर्गाची कूस बरीच टोचते. गादीत काहीतरी आहे.

मात्र मी तयारीने आलेय. एक आख्खी बॅग खेळांची आहे, पक्ष्यांचं सचित्र पुस्तक आहे, दुर्बीण आहे, आणि रोजचा कार्यक्रम ठरवलेला आहे. कंटाळा येऊन तर बघू दे कुणाला.

मुलांबद्दल एक सांगायलाच हवं, फार सभ्य आहेत. मला 'अहो' म्हणतात. पुढे काही नाही, मावशी नाही, काकू नाही, नुसतं 'अहो'. इंजिनियरही मला अहोच म्हणतात, एवढ्या उशिरा लग्न झाल्यावर कोण अरे-तुरे करणार? म्हणजे घरात तीन माणसं मला 'अहो, ऐकलंत का' करतात. या घरातला नवरा मीच आहे.

रविवार, ५ तारीख

इंजिनियर गेले! सकाळी घरमालकिणीच्या फोनवर निरोप आला, कुठल्याशा पुलाला तडा गेलाय. पुलाला तडा जायला हाच मुहूर्त सापडला. गाडी घेऊन गेले. 'चार-पाच दिवसांत येतोच,' म्हणाले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, एक सांगू? तुम्ही पोरांना अहो-जाहो करू नका. सोळा वर्षांच्या मुलीला 'आपण काय घेणार' म्हणून कुणी विचारतं का?"

मी म्हटलं, ग्राहक लहान असला तरी ग्राहकच. अठरा वर्षांची सवय आहे, जाता जात नाही.

दुपारी पत्ते काढले. दोघं खेळली. मी तिन्ही डाव जिंकले. तिसऱ्या डावात धाकट्याकडे राजा होता आणि त्याने तो मुद्दाम लपवला, मला दिसलं. खेळ संपल्यावर थोरली म्हणाली, "छान वाटलं. धन्यवाद." मग स्वतःच्या ताटल्या धुऊन दोघं वर गेली. आवाज नाही, दार आपटणं नाही. रात्री जेवताना विचारलं, अंड्यात मीठ कमी आहे का? "नाही, ठीक आहे," थोरली म्हणाली. मी खाऊन पाहिलं. मीठच नव्हतं.

किती गुणी मुलं. आत्याने वळण लावावं तर असं.

सोमवार, ६ तारीख

कार्यक्रम: पक्षीनिरीक्षण. प्रत्यक्षात काय झालं ते लिहिते.

घरमालकिणीचा एक बोकड आहे. दाढी, डोळ्यांत कायमचा संशय, चालणं संथ. मुलांनी त्याचं नाव मुख्याध्यापक ठेवलंय, हे मला आज कळलं. तळ्याकाठी मी पुस्तक उघडून 'जलपक्ष्यांच्या सवयी' मोठ्याने वाचत होते. मुलं शांतपणे ऐकत होती. मुख्याध्यापकही मागून येऊन ऐकत होते, हे मला ठाऊक नव्हतं. पहिली धडक बसली तेव्हा मला वाटलं, धाकट्याने ढकललं. दुसरी बसली तेव्हा मी पळाले आणि सरपणाच्या ढिगावर चढले. त्रेचाळिसाव्या वर्षी, चपलांसकट.

थोरली कुंपणापलीकडून म्हणाली, "अहो, काही मदत हवी आहे का?"

मी म्हटलं, "नको, नको. आपण चालू द्या."

काय चालू द्या, हे मलाही माहीत नाही. बोकडाने तेवढ्यात जलपक्षी खाऊन टाकले. पान चौतीस ते एकाहत्तर. धाकटा झाडामागे गेला आणि बराच वेळ खोकत राहिला. त्याला धुळीचा त्रास आहे की काय, आत्याला विचारायला हवं.

बुधवार, ८ तारीख

काल लिहिण्यासारखं काही नव्हतं. कोडी सोडवली. मुलांनी 'छान आहे' म्हटलं. ती 'छान आहे' म्हणाली की मला पुढचं कोडं काढावंसं का वाटत नाही, कोण जाणे.

आज मात्र शोभा झाली. इथे न्हाणीघरात एक वॉशिंग मशीन आहे, आमच्याच कंपनीचं. आठवड्याचे कपडे टाकले, पाणी भरलं, आणि यंत्र मेलं. कपडे आत, दार बंद. धाकटा म्हणाला, "अहो, पण तुम्ही याच कंपनीत आहात ना?"

आता या पोराला कसं सांगू? मी अठरा वर्षं मशीनच्या तक्रारी ऐकतेय, मशीन उघडलेलं एकदाही पाहिलेलं नाही. मी म्हटलं, थांबा, कंपनी आपलीच आहे. तिघं बसथांब्यावर गेलो. मी बाकावर चढले आणि माझ्याच विभागाला फोन लावला. आधी संगीत. ते संगीत मीच निवडलं होतं, दोन वर्षांपूर्वी. फार वाईट आहे. मग माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी आली.

"आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"अगं, मी बोलतेय!"

"हो ताई, आवाज ओळखला. तक्रार क्रमांक?"

"क्रमांक कसला? माझे कपडे आत अडकलेत!"

"ताई, क्रमांकाशिवाय मला पुढे जाता येत नाही. तुम्हीच केलाय ना नियम? पंधरा दिवसांत आमचा माणूस येईल. आपला दिवस आनंदात जावो."

हे शेवटचं वाक्यही माझंच. मग माझा तोल गेला. बसथांब्याच्या बाकावर उभी राहून मी माझ्या कंपनीला, तिच्या मालकाला, संगीताला आणि मला स्वतःला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक सायकलवाला थांबून ऐकत होता. खाली पाहिलं तर मुलं रस्त्यावर बसली होती आणि पोट धरून हसत होती. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि ओरडली, "आमच्या चड्ड्या आत आहेत! समजलं?"

आमच्या साहेबांचं एक म्हणणं आठवून मनाचं समाधान केलं. ते नव्या माणसांना सांगतात, ओरडणाऱ्या ग्राहकाला घाबरू नका, तो कुठे जात नाही. 'ठीक आहे, हरकत नाही' म्हणणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचं मशीन आणतं. म्हणजे मी ओरडले त्यात कंपनीचं काही नुकसान नाही.

शेवटी धाकट्याने सांडशीने दार उघडलं आणि आम्ही कपडे मोठ्या टबात टाकून पायांनी तुडवले. पाणी उडालं, थोरलीने मला भिजवलं, बहुतेक चुकून. रात्री जेवताना धाकट्याने माझ्यासमोर मीच जाळलेला पावाचा तुकडा ठेवला आणि नाकातून म्हणाला, "आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

माझी नक्कल करतोय. धाक उरला नाही. चूक माझीच, मोठ्या माणसाने मुलांसमोर असं ओरडू नये.

गुरुवार, ९ तारीख

शिस्त घसरतेय. एका दिवसात काय काय झालं बघा. थोरलीने माझा राखाडी स्वेटर घातला, विचारलंही नाही. मी म्हटलं, "तो माझा आहे बहुतेक." ती म्हणाली, "हो, मस्त आहे." आणि बाही नाकाला पुसली. मी उशीखाली लपवलेली बिस्किटं धाकट्याने शोधून संपवली आणि रिकामा पुडा परत उशीखाली ठेवला. अंड्यांचं काय विचारता! "ई, हे काय आहे?" असं तोंडावर. खेळाची बॅग काढली तर थोरलीने डोळे फिरवले. एवढे फिरवले की मला वाटलं परत येणार नाहीत.

दुपारी दोघांत कडाक्याचं भांडण. खिडकीजवळचा पलंग कुणाचा, यावरून. मी वर गेले आणि पाहिलं, त्यांच्या खोलीत खिडकीपाशी पलंगच नाही, दोन्ही गाद्या जमिनीवर आहेत. तसं त्यांना दाखवून दिलं. दोघं माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम गप्प झाली. ऊन लागलं असेल. डोक्यावर ओले रुमाल ठेवायला लावले.

संध्याकाळी धाकटा मला "काय यार" म्हणाला.

रविवारी ही मुलं किती चांगली होती. पाच दिवसांत मी त्यांची ही गत केली. इंजिनियर आल्यावर काय तोंड दाखवू?

शुक्रवार, १० तारीख

वाईट दिवस.

सकाळी दोघं बसथांब्यावर गेली. मी पाव आणायला मागून निघाले. थोरली बाकावर उभी राहून आत्याशी बोलत होती, पाठ माझ्याकडे. मी चोरून ऐकणारी बाई नव्हे. पण पाय थांबले.

"अगं आत्या, तुला खोटं वाटेल, ती वेडी आहे! ढिगावर चढून बसली होती... हो ना! आणि वरून आम्हालाच म्हणते, 'आपण चालू द्या'... नाही गं, डोकं खाते नुसती. सकाळी उठल्यापासून कार्यक्रम. काल तर आमच्या डोक्यावर ओले रुमाल..." आणि हसणं. धाकटा शेजारून ओरडत होता, "बिस्किटांचं सांग! बिस्किटांचं सांग!"

मी पाव न घेता परत आले.

'ती'. 'म्हणते'. 'खाते'. 'चढून बसली होती'. आठ दिवसांपूर्वी मी 'त्या' होते. 'त्या म्हणाल्या', 'त्यांनी आणलं'. पाठीमागे का होईना, प्रकरण एकेरीवर आलंय. भांडण एकेरीवर आलं की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही, हे आमच्या विभागात सगळ्यांना माहीत आहे. 'अहो' म्हणून शिव्या देणारा माणूस समजावता येतो. 'ए' म्हणाला की फोन साहेबांकडे द्यायचा.

मला रडू आलं. सरपणाच्या ढिगामागे बसून रडले, म्हणजे मुलांना दिसू नये. मुख्याध्यापक आले, बघून गेले. मला ही मुलं हवी होती. समजूतदारपणा गेला खड्ड्यात, मला हवी होती ती. त्या खोलीचा रंग निवडायला मी तीन दुकानं पालथी घातली.

पण जबरदस्ती करायची नाही. मी मामांकडे वाढले, आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा परक्या मुलांना कसं वागवायचं ते मला शिकवायला नको. मामी मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. मीही त्यांना आयुष्यभर 'अहो मामी'. आवाज चढवला नाही, कधी काही मागितलं नाही. अठराव्या वर्षी मी म्हटलं, वसतिगृहात राहायला जाऊ का? मामी म्हणाल्या, "बरं. आमची काही हरकत नाही." भांडण नाही की रडारड नाही. इतकी मोठ्या मनाची माणसं. त्या रात्री मला झोप मात्र अजिबात लागली नाही, नव्या जागेच्या उत्साहाने असेल.

उद्या मुलांशी तसंच मोकळेपणाने बोलते. त्यांनी कशाला अवघडून राहायचं?

शनिवार, ११ तारीख

बोललो. म्हणजे मी बोलले. न्याहारीच्या वेळी, शांतपणे. म्हटलं, "तुम्हाला आत्याकडेच राहायचं असेल तर मनावर दडपण घेऊ नका. माझी काही हरकत नाही. बाबांना मी सांगेन."

थोरलीचा घास हातातच राहिला. धाकटा तिच्याकडे बघायला लागला. मग ती म्हणाली, "ठीक आहे."

मी विचारलं, "वाईट नाही ना वाटलं?"

"नाही. हरकत नाही."

आणि काय सांगू, वातावरण एकदम निवळलं! दोघांनी आपापल्या ताटल्या धुतल्या. राखाडी स्वेटर घडी करून माझ्या पलंगावर आणून ठेवलेला, बाह्या आत दुमडून. दुपारी खेळ काढला तर निमूट खेळली, मी जिंकले. रात्री अंडी करपली होती तरी दोघांनी संपवली. "अहो, पाणी हवंय का?" असं धाकट्याने स्वतःहून विचारलं. डोळे लाल दिसले त्याचे. तो धुळीचा त्रास.

एका वाक्याने सगळं मार्गी लागलं, हे मी उगाच आठवडाभर लांबवलं. फक्त घरात इतकं शांत आहे की तळ्यातल्या बेडकांचा आवाज स्वयंपाकघरात येतोय. मला आनंद व्हायला हवा होता. होत नाहीये. का, ते कळत नाही.

रविवार, १२ तारीख

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

कार्यक्रमात नौकाविहार होता. घरमालकिणीची एक छोटी होडी तळ्याकाठी उपडी असते. मुलं म्हणाली, "तुम्ही जाऊन या, आम्ही इथे बसतो." मी हट्टाला पेटले. आठवड्याचा कार्यक्रम मी केलाय, मीच तो पार पाडणार. एकटीने नौकाविहार केला.

तळ्याच्या मध्यावर वल्हं हातातून सुटलं. बघता बघता लांब गेलं. दुसरं वल्हं बोकडाने आधीच चावून ठेवलं होतं, ते मोडलं. होडीच्या तळात पाणी यायला लागलं, फार नाही, घोट्याएवढं. मला पोहता येत नाही. मी उभी राहिले, म्हणजे वल्हं कुठे आहे ते दिसावं. होडी डगमगली. काठावर दोघं उठून उभी राहिलेली दिसली. मी हात हलवून म्हटलं, "काळजी करू नका! आपण जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका!"

तेव्हा तळ्यावरून आवाज आला, "अगं ए! बस ना खाली! पडशील!"

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, तळ्यात आणखी कुणी बाई आहे की काय.

"मला म्हणताय?"

"नाही, बोकडाला! तुलाच म्हणतेय! उभी कशाला राहिलीस? बस!"

मी बसले. पाण्यातच बसले. थोरली बुटांसकट तळ्यात शिरली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. धाकटा मला फेकायला म्हणून बोकडाची दोरी सोडायला पळाला होता.

"आपण पाण्यात उतरू नका," मी ओरडले, "आपल्याला काही झालं तर..."

"परत एकदा 'आपण' म्हणालीस ना, तर बघ!" ती रडत होती. रडत रडतच चालून येत होती. "काल काय म्हणालीस? जा आत्याकडे, माझी हरकत नाही! हरकत नाही म्हणे! हरकत असायला काय होतं गं तुला? एकदा तरी म्हणायचं ना, जाऊ नका म्हणून?"

"पण तुम्हीच फोनवर आत्याला... मी वेडी आहे, मी डोकं खाते..."

"आहेसच वेडी! खातेसच डोकं! म्हणून काय आम्हाला हाकलून देणार?"

काठावरून धाकटा किंचाळला. त्याच्या एका हातात दोरी होती आणि मोकळा सुटलेला मुख्याध्यापक त्याच्या पाठी लागला होता. "खिडकीचा पलंग मला मिळाला होता! आमचं ठरलं होतं! तू सगळी वाट लावलीस!"

दोघं मला पाण्यात बघतात, असं मी परवा मनात म्हटलं होतं. आज अक्षरशः पाहिलं. आणि मी त्या होडीत बसून पहिल्यांदाच विचार केला, की मामींनी त्या दिवशी 'जाऊ नकोस' म्हटलं असतं तर? मी तेच ऐकायला दारात थांबले होते. बॅग उचलून बराच वेळ थांबले होते. आणि मामींचं ते वाक्य मी या पोरांना जसंच्या तसं दिलं, वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

"जाऊ नका!" मी ओरडले. बसथांब्यावरही एवढी ओरडले नव्हते. "कुठेही जाऊ नका! मला हरकत आहे! मला खूप हरकत आहे! आणि तू आधी बाहेर हो त्या पाण्यातून! बूट घालून तळ्यात उतरतं का कुणी? अक्कल आहे का? बुडलीस म्हणजे?"

"कंबरेएवढंच आहे पाणी!" ती होडीपाशी येऊन उभी राहिली होती. खरंच कंबरेएवढं होतं. "तुला उतरून चालत येता आलं असतं!"

मी उतरले. दोघी चिखलातून चालत काठावर आलो, तिने माझा दंड धरला होता. धरला तोही किती जोरात, वळ आलाय. धाकटा येऊन बिलगला आणि लगेच बाजूला झाला, म्हणाला, "ई, ओली आहेस." मग बोकडाने तिघांनाही टेकडीपर्यंत पळवलं.

दिवसभर दोघं माझ्याशी भांडली. काल असं का म्हणालीस, परवा तसं का म्हणालीस. मीही भांडले. बिस्किटांचा हिशेब मागितला, तो मिळाला नाही. रात्री मीठ नसलेली अंडी कुणीही खाल्ली नाहीत, थोरलीने बटाटे उकडले. आता घसा बसलाय माझा, आणि पहिल्यांदाच त्या टोचणाऱ्या गादीवर झोप येतेय.

सोमवार, १३ तारीख

इंजिनियर आले. चार-पाच दिवसांचे आठ झाले. त्यांना आधी अंगणात वाळत टाकलेले बूट दिसले, मग माझा दंड, मग फळी मारलेली होडी. म्हणाले, "अहो, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, सावकाश सांगते.

जेवायला बसल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. महिनाभर या क्षणाची तालीम केली असावी. "हे बघा," ते मुलांना म्हणाले, "तुमच्यावर कसलंही दडपण नाही. नीट विचार करून सांगा. मी आत्याला काय कळवू?"

"आत्याला मी सकाळीच कळवलंय," थोरली बटाटा सोलत म्हणाली. "रडली थोडी. मग म्हणाली, रविवारी जेवायला तिच्याकडेच यायचं, नाहीतर ती आपल्याकडे येऊन राहील. बाबा, मीठ दे."

"म्हणजे तुम्ही..."

"भिंतीचा पलंग माझा," ती म्हणाली. "हा रडतो म्हणून."

"मी रडत नाही!"

"आणि त्या खोलीचा रंग कुणी निवडला? भयंकर आहे. बदलायचा."

"तीन दुकानं फिरले मी!" मी म्हटलं.

"अगं, तीन दुकानं फिरून हा?"

इंजिनियर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. पुलाला तडा आहे की नुसता रंगाचा पोपडा, हे ठरवताना ते असेच बघत असणार. शेवटी हळूच मला म्हणाले, "अहो, ही तुम्हाला अगं-तुगं कधीपासून करायला लागली? बोलू का मी तिला?"

"खबरदार बोललात तर," मी म्हटलं.

मंगळवार, १४ तारीख

घरी. गाडीत पाच तास, त्यातले साडेचार भांडणाचे. खिडकी उघडी की बंद, गाणी कुणाची, मी रस्ताभर खड्डा आला की 'अरे देवा' म्हणते ते बंद करणार का. इंजिनियरांनी दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबवली. मी मागच्या सीटवर मध्ये बसले होते, वळणावर दोन्हीकडून कोपरं लागत होती.

मुलांचं सामान वर गेलंय. माझा राखाडी स्वेटरही वर गेलाय, तो आता परत येत नाही. खाली मी टेबलाशी बसून हे लिहितेय, दोन ओळी पुऱ्या होऊ देत नाहीत. वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग धाकटा ओरडला, मग ती ओरडली, मग दार आपटलं. मामींच्या घरात दारं आपटत नसत.

आता न्हाणीघरातून हाक.

"अगं, माझा टॉवेल कुठंय?"

मला काय माहीत! चार महिन्यांपूर्वी आलेली मी बाई, हिच्या टॉवेलची मी काय राखणदार? मी इथूनच ओरडले, "माझ्या डोक्यावर आहे! शोध की जरा!"

"अगं, दे ना! थंडी वाजतेय मला!"

इंजिनियर पेपरावरून डोकं वर काढून विचारतायत, "भांडण झालं का हो?"

उठते. ओली उभी असेल कार्टी.